व्हॅम्पायरची विनोदी चित्रकथा काढताय? आधी साल ठरवा

ऐतिहासिक काळात घडणारी, व्हॅम्पायरची विनोदी चित्रकथा करायची आहे, सुरुवात कुठून करू? चित्रकथा करू पाहणारे लेखक आणि चित्रकार मला हा प्रश्न वारंवार विचारतात. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन प्रश्न येतात. ड्रॅक्युलाचे नाव वापरले तर कोणी खटला भरेल का? आपला वेताळ म्हणजे व्हॅम्पायरच ना? आणि भीतीच्या गोष्टीत हसू आणायचे कुठून?

या प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी सुटते. गोष्ट कोणत्या साली आणि कोणत्या गावात घडते, हे तुम्ही आधी ठरवायला हवे. साल ठरले की व्हॅम्पायरचे रूप, माणसांचे कपडे, अधिकाऱ्यांचा रुबाब आणि विनोदाच्या जागा आपोआप पुढे येतात. साल ठरले नाही, तर तोच किल्ला, तोच काळा झगा, तेच वटवाघूळ तुमच्या पानावर येऊन बसते आणि वाचकाला ते शंभर वेळा पाहिल्यासारखे वाटते.

पायरी पहिली : "जुना काळ" नको, एक साल आणि एक गाव घ्या

उदाहरण म्हणून एक खरी घटना घेऊ. या लेखातल्या बहुतेक सूचना तिच्याच आधाराने देतो आहे, म्हणजे त्या हवेत राहणार नाहीत.

१७१८ च्या पासारोवित्स तहाने सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे आला आणि १७३९ पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. नवे राज्य, नवे अधिकारी, नवी कागदपत्रे. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसे गेली. मरताना त्यांनी सांगितले, की पेटार रात्री येऊन आमच्या अंगावर बसतो आणि गळा दाबतो. पेटारची बायको म्हणाली, की तो माझ्याकडे आला आणि आपले ओपांत्सी, म्हणजे पायातले चामडी जोडे, मागू लागला. ती गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली.

गावकऱ्यांनी फ्रोम्बाल्ड नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला गाठले आणि थडगे उघडण्याची परवानगी मागितली. बेलग्रेडहून हुकूम येऊ द्या, असे त्याने सांगितले. तोवर अख्खे गाव मरेल, त्यापेक्षा आम्ही गावच सोडून जातो, असे उत्तर त्याला मिळाले. शेवटी तो धर्मगुरूंना घेऊन गेला. प्रेत ताजे दिसत होते, तोंडाशी रक्त होते. गावकऱ्यांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळले. फ्रोम्बाल्डने वरिष्ठांना अहवाल पाठवला आणि अखेरीस लिहिले, की यात काही चुकले असेल तर दोष मला देऊ नये, भीतीने भान सुटलेल्या जमावाला द्यावा. हा अहवाल त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला.

सहा-सात वर्षांनी मेद्वेजा गावात असेच घडले. तीन महिन्यांत सतरा माणसे मेली. संशय काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेलेल्या अर्नोल्ड पाओलेपर्यंत मागे गेला. लष्करी वैद्य योहान फ्ल्यूकिंगर याने थडगी उघडून एकेका प्रेताची तपासणी केली आणि जानेवारी १७३२ मध्ये सहीनिशी अहवाल दिला. तो युरोपभर गाजला. त्याच वर्षी लंडनच्या वृत्तपत्रांतून "व्हॅम्पायर" हा शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत गेला. १७५५ मध्ये अशाच एका प्रकरणानंतर सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटन यांचे मत घेतले आणि प्रेते उकरण्याच्या अशा प्रकारांना बंदी घातली.

आता पाहा, एका सालाने तुम्हाला किती पात्रे दिली. हुकमाची वाट पाहणारा अधिकारी, वाट पाहायला तयार नसलेले गाव, जोडे मागणारा नवरा, शवांची यादी करणारा लष्करी वैद्य. यांतले एकही पात्र तुम्हाला कल्पनेने घडवावे लागले नाही.

पायरी दुसरी : त्या सालचा व्हॅम्पायर कसा होता ते तपासा

बहुतेक चुका इथे होतात. व्हॅम्पायरची जी लक्षणे आपण गृहीत धरतो ती वेगवेगळ्या काळात चिकटलेली आहेत. ही यादी टेबलासमोर लावून ठेवा.

- १७२५ ते १७३२ : व्हॅम्पायर म्हणजे गावातलाच मेलेला माणूस. फुगलेला, लालबुंद, अंगावर गावचेच कपडे. सुळे नाहीत, झगा नाही, किल्ला नाही.
- १८१९ : जॉन पोलिडोरीच्या कथेने व्हॅम्पायरला उमराव केले. इथून तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात वावरू लागला.
- १८४५ ते १८४७ : "व्हार्नी" या हप्त्याहप्त्याने निघालेल्या इंग्रजी कादंबरीने टोकदार सुळे आणि मानेवरच्या दोन खुणा लोकप्रिय केल्या.
- १८९७ : ब्रॅम स्टोकरची "ड्रॅक्युला" कादंबरी. आरशात न दिसणे इथे ठळक झाले. मात्र या कादंबरीतला ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो.
- १९२२ : "नोसफेरातू" हा जर्मन मूकपट. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नाहीसा होतो ही कल्पना इथून रूढ झाली.
- १९२४ ते १९३१ : रंगभूमी आणि नंतर बेला लुगोसीचा चित्रपट. उंच कॉलरचा झगा आणि संध्याकाळचा पोशाख यांची ही देणगी.

तुमची गोष्ट १७२५ ची असेल आणि व्हॅम्पायर उन्हात वितळत असेल, तर तुम्ही दोनशे वर्षे पुढची गोष्ट सांगत आहात. मुद्दाम तसे करायचे असेल तर करा, पण वाचकाला ते मुद्दाम केल्याचे कळू द्या.

आजूबाजूच्या वस्तूंनाही हाच नियम लावा. १७२५ मध्ये काडेपेटी नव्हती, ती १८२० च्या दशकातली. तेव्हा दिवा चकमकीने पेटवा. सर्बियाची म्हणून ओळखली जाणारी शायकाचा टोपी एकोणिसाव्या शतकातली आहे, ती या शेतकऱ्यांच्या डोक्यावर नको. अधिकाऱ्याच्या डोक्यावर तीन कोपऱ्यांची टोपी आणि हातात पिसाची लेखणी मात्र हवी.

प्रत्येक प्रसंगाआधी दोन रकाने आखा : "तेव्हा होते" आणि "तेव्हा नव्हते". पहिल्या रकान्यात किमान दहा वस्तू लिहिल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

पायरी तिसरी : व्हॅम्पायरचे तीनच नियम ठरवा

तुमचा व्हॅम्पायर काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि त्याला काय हवे आहे, हे तीन वाक्यांत लिहा. उदाहरणार्थ :

१. तो रात्री आपल्याच घरी परत येतो.
२. वाटेत सांडलेले दाणे दिसले की मोजल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. युरोपच्या लोकसमजुतींत हा उपाय बऱ्याच ठिकाणी आढळतो.
३. त्याला रक्तापेक्षा त्याचे जोडे हवे आहेत.

तीनपेक्षा जास्त नियम वाचकाच्या लक्षात राहत नाहीत, आणि लक्षात नसलेला नियम मोडला तर कोणाला हसू येत नाही. चौथ्या पानापर्यंत तिन्ही नियम चित्रातून दिसले पाहिजेत. पात्राच्या तोंडून ते समजावून सांगायची वेळ आली, तर पाने पुन्हा आखा.

पायरी चौथी : हसू कुठे ठेवायचे ते ठरवा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे. किसिल्येवोत नऊ माणसे खरोखर मेली होती, बहुधा एखाद्या साथीने. घाबरलेल्या गावाकडे रोगाचे दुसरे स्पष्टीकरण नव्हते. प्रेत फुगणे, तोंडातून तांबडा द्रव येणे, वरची कातडी सुटून खालची ताजी त्वचा दिसणे, खुंटा ठोकताना आतल्या वायूमुळे आवाज होणे, या सगळ्या प्रेत कुजण्याच्या नेहमीच्या गोष्टी आहेत. थडगे उघडून पाहण्याची वेळ त्या लोकांवर क्वचितच येत असे, म्हणून त्यांना हे माहीत नव्हते.

अशा माणसांना "मूर्ख खेडवळ" म्हणून रंगवू नका. आपल्याकडेही डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे. घाबरलेल्या माणसाची टिंगल करणारी चित्रकथा त्या भीतीला धक्का लावत नाही, उलट वाचकाला आपण शहाणे असल्याचे खोटे समाधान देते. विनोदासाठी याच घटनेत दुसऱ्या भरपूर जागा आहेत.

- दफ्तरशाही : साहेबाला व्हॅम्पायरपेक्षा वरिष्ठांची भीती जास्त. प्रेत उठून बसले आहे आणि साहेब अर्जाचा नमुना शोधत आहेत.
- पंचांगाचा घोळ : अधिकारी ग्रेगोरियन दिनदर्शिकेने चालत, गावचे ऑर्थोडॉक्स चर्च ज्युलियनने. दोघांत अकरा दिवसांचा फरक होता. मृत्यूची तारीख लिहितानाच भांडण लागेल, आणि त्यासाठी इतिहास वाकवावा लागणार नाही.
- व्हॅम्पायरचे घरगुती दुःख : मेल्यावरही त्याला जोडे सापडत नाहीत, अंथरूण दुसऱ्याने घेतले आहे, कुत्रा ओळख दाखवत नाही.
- विद्वानांची चढाओढ : १७३२ नंतर व्हॅम्पायरवर ग्रंथामागून ग्रंथ निघाले. गाव न पाहिलेल्या माणसांनी गावाबद्दल छातीठोक लिहावे, ही परिस्थिती आजच्या वाचकालाही समजते.

प्रत्येक विनोदाला एक प्रश्न विचारा : या चौकटीत वाचक कोणाला हसतो आहे? उत्तर "ज्याच्या हाती सत्ता आहे" किंवा "स्वतः व्हॅम्पायर" असे आले तर चौकट ठेवा. उत्तर "ज्याचे मूल काल गेले" असे आले तर ती काढून टाका. ती कितीही चांगली जमलेली असली तरी काढा.

वेताळ म्हणजे व्हॅम्पायर नव्हे

हा गोंधळ आपल्याकडे जुना आहे आणि त्याला कारणही आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणताना पुस्तकाच्या नावातच "व्हॅम्पायर" हा शब्द घातला. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधला फँटम मराठीत "वेताळ" झाला, त्यामुळे या एका नावाचे आणखी एक रूप मुलांच्या मनात बसले.

पण विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ रक्त पीत नाही, तो कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. लोलये, पैंगीण, आमोणे इथे बेताळाची पूजा होते. त्याला सुळे लावून रक्त पिताना दाखवणे ही चूक ठरते, आणि ज्या गावाचा तो देव आहे त्या गावाला ते लागते.

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत :

१. परदेशी घटना तिथेच ठेवा. पात्रे सर्बियन, भाषा मराठी. पहिल्या पुस्तकासाठी मी हाच पर्याय सुचवतो.
२. इथली गोष्ट, इथलेच भूत घ्या. मुंजा, समंध, हडळ, खवीस, चकवा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. मग "व्हॅम्पायर" हा शब्द सोडून द्या.
३. व्हॅम्पायरला इथे आणा. किसिल्येवोचे साल म्हणजे आपल्याकडे छत्रपती शाहू आणि पहिले बाजीराव यांचा काळ. हा मोह सुटत नसेल तर पात्रे काल्पनिक ठेवा, प्रसंग सामान्य माणसांत घडवा. ज्यांच्याविषयी लोकांच्या मनात श्रद्धा आहे अशा व्यक्तींना विनोदात ओढू नका.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. धार्मिक भावना मुद्दाम आणि दुष्ट हेतूने दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी तक्रारीला तोंड देण्यात जाणारी वर्षे तुमचीच असतात. तेव्हा गावच्या देवाविषयी लिहायचे असेल तर त्या गावात जा, तिथल्या माणसांशी बोला आणि मग लिहा.

पायरी पाचवी : पात्रांची मराठी ठरवा

सर्बियन शेतकरी मराठीत बोलणार म्हणजे कोणत्या मराठीत? सरसकट "ग्रामीण" बोली देऊन अधिकाऱ्याला प्रमाण मराठी देण्याची सवय सोडा. त्यात बोलीलाच हसण्याचा विषय करून टाकण्याचा धोका आहे. त्याऐवजी असे करून पाहा :

- गावकऱ्यांना साधी, छोट्या वाक्यांची, घरगुती मराठी द्या. वयाने मोठ्यांना अहो-जाहो, बरोबरीच्यांना अरे-तुरे.
- फ्रोम्बाल्डचा अहवाल सरकारी परिपत्रकाच्या भाषेत लिहा : "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर मयत इसम रात्रौ जोडे मागण्यास आला." मराठी वाचक या भाषेला ओळखतो, आणि मूळ कागदाचा स्वभावही असाच आहे.
- व्हॅम्पायरला एकच लकब द्या. दोन दिल्या तर दोन्ही पुसट होतात.
- आवाज मराठीच ठेवा : थडग्याची फळी करकरते, खुंटा खाडकन बसतो, वायू फुस्स करतो, साहेब धप्पकन खाली बसतात. मराठीत असे शब्द विपुल आहेत. उसने आवाज घेण्याची गरज नाही.

पायरी सहावी : पाने आखा

पहिली चित्रकथा २४ किंवा ३२ पानांची ठेवा. पिन मारून बांधायच्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत लागतात आणि ऑफसेट छपाईत बहुधा सोळा पानांचा फॉर्म असतो, म्हणून ३२ पाने सोयीची पडतात.

- एका पानावर पाच-सहा चौकटी पुरेत. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका.
- हसवणारी चौकट पान उलटल्यावर पहिली येऊ द्या. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार वाजते, उलटल्यावर दारात पेटार अनवाणी उभा असतो.
- आधी संपूर्ण पुस्तकाच्या काडीमाणसांच्या चौकटी काढा आणि शब्द न वाचता कोणाला तरी दाखवा. गोष्ट कळली नाही, तर दोष चित्रात आहे. तो संवादाने झाकू नका.

वाचक कोण हेही इथेच ठरवा. अमेरिकेत १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिने चित्रकथांतून व्हॅम्पायरलाच हद्दपार केले होते. १९७१ मध्ये ती सैल झाली. आपल्याकडे अशी संहिता नाही, म्हणून जबाबदारी तुमची. आठ वर्षांच्या मुलासाठी काढत असाल तर थडग्यातले दृश्य चौकटीबाहेर ठेवा आणि पाहणाऱ्यांचे चेहरे दाखवा. विनोदही चेहऱ्यांतच जास्त खुलतो.

पायरी सातवी : देवनागरी अक्षरांची काळजी घ्या

इंग्रजी चित्रकथांचे फुगे पाहून मराठी फुगे आखले की मजकूर कोंबल्यासारखा दिसतो. देवनागरीत वेलांटी आणि रफार वर जातात, उकार आणि जोडाक्षरे खाली उतरतात. म्हणून :

- ओळींतले अंतर जास्त ठेवा आणि फुगा मजकुरापेक्षा ऐसपैस काढा.
- देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत. जोर दाखवायला ठळक अक्षर, मोठा आकार किंवा फुग्याची दातेरी कडा वापरा.
- युनिकोड फाँटच वापरा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर उद्या ई-बुकसाठी पुन्हा टाइप करावा लागतो. कलम, मुक्ता आणि बलू हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत. कलमचे वळण हस्ताक्षरासारखे आहे, फुग्यांत ते छान दिसते.
- अक्षररचना करताना सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू आहे का ते पाहा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात.
- मराठी वळणाचे "ल" आणि "श" मिळतात का ते तपासा.

हक्क : काय मोकळे आहे, काय नाही

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. चित्रपटाची ६० वर्षे प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून धरतात. आता नेहमीचे प्रश्न घेऊ.

- ड्रॅक्युला वापरता येईल का? हो. ब्रॅम स्टोकर १९१२ मध्ये वारला. कादंबरी आणि त्यातली पात्रे मोकळी आहेत. पण तिचे अलीकडचे मराठी भाषांतर मोकळे नाही, त्यातली वाक्ये उचलू नका.
- नाव बदलले की सुटका होते का? नाही. "नोसफेरातू"च्या निर्मात्यांनी ड्रॅक्युलाचा ऑर्लोक केला, तरी स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो पाहता येतो.
- १९३१ च्या चित्रपटातले रूप? भारतात मुदत संपली आहे, पण अमेरिकेत त्या चित्रपटाचे संरक्षण २०२६ संपेपर्यंत आहे. ई-बुक जगभर विकले जाते, म्हणून जिथे विकणार तिथला कायदा पाहा.
- मॉर्बियस, ब्लेड, व्हँपिरेला? ही पात्रे कंपन्यांच्या मालकीची आहेत, हात लावू नका.
- किसिल्येवो आणि मेद्वेजाची हकिगत? इतिहासातल्या घटनेवर कोणाची मालकी नसते. मूळ अहवालही मोकळे आहेत. मात्र एखाद्या आधुनिक अभ्यासकाने केलेले त्यांचे भाषांतर आणि मांडणी त्याची आहे.
- माझी कल्पना कोणी चोरली तर? नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या प्रत्यक्ष आविष्काराला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले. म्हणून कल्पना सांगत फिरण्याआधी पाने काढा.
- विडंबन म्हणून काहीही चालते का? कायद्यात टीका आणि परीक्षण यांना सवलत आहे, विडंबनासाठी वेगळे कलम नाही. दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करून "गंमत केली" हा बचाव धरून बसू नका.

लेखक आणि चित्रकार : पहिल्या पानाआधी करार

मैत्रीत सुरू झालेल्या चित्रकथा पैशांपेक्षा न बोललेल्या अपेक्षांमुळे जास्त मोडतात. पुढील मुद्दे कागदावर घ्या आणि दोघांनी सही करा.

१. गोष्ट कोणाची, चित्रे कोणाची, पात्रांचे रूप कोणाचे.
२. मुखपृष्ठावर कोणाचे नाव कुठे आणि किती मोठे.
३. पानाचा दर किती, विक्रीत वाटा किती आणि हिशेब कधी.
४. एकाने काम सोडले तर दुसऱ्याला पुढे नेता येईल का.
५. भाषांतर, नाटक, ॲनिमेशन यांचे हक्क कोणाचे.
६. मूळ चित्रे कोणाकडे राहणार.

कायद्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही नसेल, तर तो हक्क तुमच्याकडे परत येतो. आणि हक्क विकले तरी निर्माता म्हणून नाव लागण्याचा तुमचा अधिकार कलम ५७ नुसार कायम राहतो.

चित्रकारांना खास सूचना. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रांची मालकी, करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाण्याची वाट कायद्यात आहे. "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ दिसली की सही थांबवा आणि मुदत मागून घ्या.

नोंदणी आणि छपाई

- कॉपीराइट काम पूर्ण होताच आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. साहित्यकृतीचे किंवा चित्राचे शुल्क प्रत्येकी ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. स्वतःच्या पत्त्यावर बंद पाकीट पाठवणे हा नोंदणीला पर्याय नाही.
- आयएसबीएन भारतात विनाशुल्क मिळतो. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. क्रमांक मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.
- ग्रंथालयांना प्रती : १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. स्वतः प्रकाशक असाल तर हे काम तुमचे आहे.
- फाइल : रंगीत चित्रे ३०० डीपीआय, निव्वळ काळ्या रेषा ६०० किंवा अधिक. रंग सीएमवायके, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड. अक्षरे चित्रात मिसळून टाकू नका, वेगळ्या थरावर ठेवा. दुसऱ्या भाषेत आवृत्ती काढताना हेच उपयोगी पडते.
- प्रूफ : पडद्यावर समाधान मानू नका. रात्रीची पाने कागदावर हमखास गडद होतात. एक रात्रीचे आणि एक दिवसाचे पान आधी छापून मागवा. व्हॅम्पायरचा चेहरा त्या अंधारात हरवत असेल, तर अख्ख्या आवृत्तीत हरवेल.
- संगणकाने तयार केलेली चित्रे वापरणार असाल तर प्रकाशकाला आणि विक्रेत्याला तसे सांगा. आणि "व्हॅम्पायर" म्हटले की ते साधन १९३१ चा झगा काढून देते, हे विसरू नका. १७२५ तुम्हालाच काढावे लागेल.

आज रात्री करायचे काम

इतक्या पायऱ्या वाचून दडपण येऊ देऊ नका. नोंदणी आणि छपाई चार-सहा महिन्यांनंतरची आहे. आज फक्त एक करा. टोके वर वळलेल्या चामडी जोड्यांचा एक जोड काढा, दाराशी ठेवलेला. शेजारी दार किलकिले आणि आत उभी असलेली बाई. तिला जोडे बाहेर सरकवायचे आहेत, पण हात पुढे होत नाही. बाहेर उभा असलेला तिचा नवरा अनवाणी आहे आणि थंडीने पाय बदलतो आहे.

हे चित्र पाहून तुम्हाला हसू आले आणि त्या बाईला मात्र तुम्ही हसला नाहीत, तर तुमची चित्रकथा योग्य सालात पोहोचली आहे. पुढची एकतीस पाने त्याच दारातून आत जातील.